पॅच लावून झाल्यावरचं काम

ओपनफायर हा जावामध्ये लिहिलेला मुक्त-स्रोत चॅट सर्व्हर. १९९९ मध्ये जॅबर या नावाने सुरू झालेला जो प्रोटोकॉल आज एक्सएमपीपी म्हणून ओळखला जातो, त्यावर हा चालतो. भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांत मला तो अजूनही भेटतो. फुकट आहे, जुन्या पीसीवर कुरकुर न करता चालतो, आणि शॉप फ्लोअरवर मोबाइलला बंदी असली तरी कॉम्प्युटरवर स्पार्क (या सर्व्हरला जोडायचं चॅटचं ॲप) उघडून स्टोअरवाला क्वालिटीला विचारू शकतो, "तो लॉट सोडू का?" व्हॉट्सॲपने सगळं जिंकलं असं आपण म्हणतो, पण कारखान्याच्या आत तसं झालेलं नाही.

मी नेटवर्क आणि सर्व्हरची कामं बाहेरून करून देतो, कुठेच नोकरीला नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये भोसरी एमआयडीसीतल्या एका शीट मेटलच्या कारखान्याने बोलावलं. त्यांच्या एका मोठ्या ग्राहकाने सगळ्या पुरवठादारांना सायबर सुरक्षेची लांबलचक प्रश्नावली पाठवली होती. त्यात एक प्रश्न होता: इंटरनेटवरून दिसणाऱ्या तुमच्या सेवांची यादी द्या. मालक म्हणाले, "आमचं काय दिसणार? वेबसाइट तर होस्टिंगवाल्याकडे आहे." मी मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून त्यांचा स्टॅटिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा कायमचा पत्ता, स्कॅन करून बघितला. ५२२२ क्रमांकाचा पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं एक दार, उघडा होता. तो असणारच, चाकणच्या प्लांटमधले स्पार्क त्यावरूनच जोडले जात होते. पण ९०९० सुद्धा उघडा होता. ब्राउझरमध्ये टाकल्यावर ओपनफायरच्या अॅडमिन कन्सोलचं लॉगिन पान आलं आणि त्यावर आवृत्ती लिहिलेली: ४.६.४.

त्या आठवड्यात हा आकडा बघून पोटात गोळा यावा अशीच परिस्थिती होती. ओपनफायरमधली सीव्हीई-२०२३-३२३१५ या क्रमांकाची त्रुटी मे महिन्यात जाहीर झाली होती आणि २४ ऑगस्टला अमेरिकेच्या सीसा या सायबर यंत्रणेने ती 'प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या जाणाऱ्या' त्रुटींच्या यादीत घातली होती. एप्रिल २०१५ मधल्या ३.१०.० पासून पुढच्या सगळ्या आवृत्त्या तिच्या कक्षेत. दुरुस्ती फक्त ४.६.८ आणि ४.७.५ मध्ये. आमचा ४.६.४ बरोब्बर मध्ये.

ही त्रुटी मला अजूनही फार शिकवण्यासारखी वाटते, म्हणून थोडं थांबून सांगतो. ओपनफायर पहिल्यांदा बसवताना अॅडमिनचा पासवर्डच अस्तित्वात नसतो, म्हणून सेटअपची पानं लॉगिनशिवाय उघडावी लागतात. त्यासाठी लॉगिन तपासणाऱ्या फिल्टरमध्ये सूट दिलेली आहे: पत्ता अमुक शब्दांनी सुरू झाला की पुढे काहीही असो, विचारू नका. आता पत्त्यात सेटअपचं नाव लिहून पुढे 'दोन टिंबं' टाकली की सर्व्हर एक फोल्डर वर जातो. तशी दोनदा टाकली की थेट अॅडमिनच्या पानांवर. गेटवरच्या वॉचमनला "कॅन्टीनला चाललोय" सांगून आत शिरायचं आणि कॅन्टीनच्या मागच्या दाराने डिस्पॅचमध्ये जायचं, तसं.

हे ओपनफायरवाल्यांना माहीत नव्हतं असं नाही. २००८ मध्ये हीच युक्ती उघडकीला आली होती आणि तेव्हाच फिल्टरमध्ये टिंबं ओळखायची सोय झाली. साधी टिंबं ओळखायची, टक्केवारीच्या खुणेने लिहिलेली टिंबंही ओळखायची. मग अनेक वर्षांनी आतला वेब सर्व्हर, म्हणजे जेटी, नव्या आवृत्तीवर नेला गेला. या नव्या जेटीला टिंब लिहायची आणखी एक, प्रमाणाबाहेरची रीत कळायला लागली: टक्के, मग यू, मग युनिकोडचा चार आकडी क्रमांक. फिल्टरला मात्र ही लिपी येत नव्हती. त्याने पत्ता वाचला, त्यात टिंब दिसलं नाही, सोडून दिलं. मागे जेटीने तोच पत्ता वाचला, त्याला टिंब दिसलं, आणि तो फोल्डर चढून गेला. कोड वाचून दोष शोधायला बसलात तर चुकीची ओळ सापडणार नाही. २००८ ची दुरुस्ती तेव्हा बरोबर होती. जेटी अद्ययावत करणं तर शहाणपणाचंच होतं.

असो. ९०९० बाहेर उघडा कशाला, हा प्रश्न मी विचारला तेव्हा चाकण प्लांट सुरू झाला त्या वेळच्या कोण्या व्हेंडरचं नाव निघालं. त्याने राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करताना (बाहेरून येणारी जोडणी आतल्या मशीनकडे वळवताना) एकेक न देता अख्खी रेंज दिली होती. तो आता दुबईत असतो म्हणे. मेंटेनन्सच्या काकांना राउटरचा पासवर्ड माहीत होता. त्यांच्याकडून फोनवरच ते फॉरवर्डिंग बंद करून घेतलं, ५२२२ सकट. चाकणवाले दोन दिवस फोनवर भागवतील असं ठरलं.

मालकांचं म्हणणं सरळ होतं: "अपडेट मारा आणि विषय संपवा. गुरुवारी सुट्टी आहे, तेव्हा करा." भोसरीत गुरुवारची साप्ताहिक सुट्टी हे आमच्या धंद्यातल्या लोकांना वरदानच आहे. राखीपौर्णिमा बुधवारी होती, दुसऱ्या दिवशी, ३१ ऑगस्टला, मी लांडेवाडीच्या बाजूने आत गेलो तर सगळी गल्ली शांत. सर्व्हर जिन्याखालच्या खोलीत. दार उघडायला आलेले सिक्युरिटीचे मामा म्हणाले, "तुमच्या त्या डब्याचा पंखा बघा जरा. पाऊस सुरू झाल्यापासून रात्रंदिवस बोंबलतोय. मी ऑफिसात सांगितलं होतं, कोणी मनावर घेत नाही."

खरं तर तपास तिथेच निम्मा झाला होता. साठ-सत्तर लोकांच्या चॅटला प्रोसेसर लागतो किती? सुट्टीच्या दिवशी तर शून्य.

लॉगिन करून चालू प्रोसेसची यादी काढली. वर केडेव्हटीएमपीएफएसआय नावाची एक प्रोसेस बसलेली, सगळे कोअर खात. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, केडेव्हटीएमपीएफएस नावाचा एक खरा धागा (थ्रेड) असतो. या बाईसाहेबांच्या शेवटी एक 'आय' जास्त. शिवाय ती चालत होती ओपनफायरच्या युजरखाली, आणि कर्नलचा धागा तसा कधी चालत नाही. हा किनसिंग टोळीचा खाणकामगार. दुसऱ्याच्या मशीनवर, दुसऱ्याच्या वीजबिलावर मोनेरो नावाचं आभासी चलन खणायचं, हा त्यांचा उद्योग. तिला मारली की मिनिटभरात परत उभी राहते, कारण क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी लिनक्सची सोय) दर मिनिटाला बाहेरून स्क्रिप्ट ओढणारी नोंद घातलेली असते. ती नोंदही होतीच.

इथे मी हात मागे घेतला. समोर चोर दिसला की मारावासा वाटतो, पण आधी नेटवर्कची केबल काढली, मशीन चालू ठेवून चालू प्रोसेस आणि जोडण्यांची यादी बाहेरच्या पेनड्राइव्हवर घेतली, मग बंद करून अख्ख्या डिस्कची प्रत काढायला लावली. जुनी फिरती हार्ड डिस्क, त्यामुळे त्यातच दुपार झाली. तेवढ्यात मालकांशी बोलणं उरकलं.

बोलणं सोपं नव्हतं. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते, आणि ते फक्त बँका-बिंकांना नाही, कंपन्यांनाही लागू आहे. मालक म्हणाले, "अहो, कळवलं तर नाव बाहेर नाही का जाणार?" मी म्हटलं, साहेब, ग्राहकाच्या प्रश्नावलीत पुढचाच प्रश्न 'गेल्या वर्षभरात काही घटना घडली का, आणि ती कोणाला कळवली' हा आहे. त्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग अकाउंट्सच्या मॅडमना घरून बोलावून फॉर्म भरायला बसवलं. संध्याकाळच्या आत मेल गेला, पोच आली. सर्ट-इनकडून कोणी धाडबिड घालायला येत नाही, हे इथे मुद्दाम सांगतो. कारण ही भीती मला पुष्कळ ठिकाणी दिसते.

आता मूळ प्रश्न. कधी शिरले, कसे शिरले, आणि खाण सोडून आणखी काय केलं?

ओपनफायरच्या डेटाबेसमध्ये सुरक्षा नोंदींचं एक टेबल असतं. अॅडमिनने युजर तयार केला, पासवर्ड बदलला, सेटिंग बदललं की तिथे ओळ पडते. या त्रुटीचा नेहमीचा वापर असा: लॉगिनशिवाय युजर बनवायचं पान गाठायचं, स्वतःसाठी अॅडमिन तयार करायचा, मग रीतसर लॉगिन करून प्लगइन चढवायचा. ओपनफायरचा प्लगइन म्हणजे जार फाइल, म्हणजे सर्व्हरवर चालणारा कोड; एकदा तो चढला की पुढे काहीही. म्हणून मी टेबलात अर्थहीन अक्षरांचा युजर शोधत होतो. सापडला नाही. युजरच्या यादीत सगळी माणसं ओळखीची, अॅडमिनच्या यादीत दोनच नावं, दोन्ही खरी.

मालकांना हायसं वाटलं, मला उलट काळजी वाटली. ऑगस्टमध्येच व्हल्नचेक या कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिलं होतं की अॅडमिन बनवायची गरजच नाही. त्याच वाकड्या पत्त्याने थेट प्लगइन चढवायचं पान गाठता येतं. लॉगिन झालेलंच नाही, मग सुरक्षा टेबलात ओळ कुठून पडणार? वर लॉग पुसायचं पानही त्याच रस्त्याने उघडतं. म्हणजे कोरं टेबल बघून 'कोणी आलं नाही' असं म्हणता येत नाही. मागे उरतो तो फक्त प्लगइन.

प्लगइनचं फोल्डर उघडलं. जार चढवली की ओपनफायर तिच्याच नावाचं फोल्डर उलगडून ठेवतो, त्यामुळे जोड्या जोड्या दिसतात. मॉनिटरिंग, शोध, युजर आयात-निर्यात, ही ओळखीची मंडळी. आणि एक जोडी अशी, जिचं नाव व्यवस्थापनाच्या साधनासारखं सभ्य होतं, पण कारखान्यात कोणी ती मागितली नव्हती. उलगडलेल्या फोल्डरमध्ये एक जेएसपी पान. उघडून वाचलं: पत्त्यात जी आज्ञा द्याल ती सर्व्हरवर चालवून दाखवणारं. फाइलवरची तारीख ११ जुलै.

आता मालकांच्या 'अपडेट मारा आणि संपवा' कडे परत येतो, कारण हे न बघता मी अपडेट मारलं असतं तर काय झालं असतं ते नीट समजून घ्यायला हवं. ४.६.८ बसवायला अर्धा तास पुरला असता. फिल्टर शहाणा झाला असता. प्लगइनचं फोल्डर मात्र अपडेट हात लावत नाही, लावायला नकोच, त्यात तुमचे स्वतःचे प्लगइन असतात. म्हणजे तो पाहुणा नव्या आवृत्तीतही तसाच बसून राहिला असता, क्रॉनची नोंदही, आणि आम्ही प्रश्नावलीत 'त्रुटी दूर केली' असं लिहून मोकळे झालो असतो. आणि ते लिहिणं खोटंही ठरलं नसतं!

जुनं मशीन परत वापरायचं नाही हे मग वादाविना ठरलं. रास्ता पेठेतून नव्या एसएसडीची जोडी आणली, दुसऱ्या पीसीवर उबुंटू कोरं बसवलं, त्यावर ४.७.५. डेटाबेस अख्खा उचलून आणायचा मोह होतो, तो टाळला. युजर, गट आणि रोस्टर (प्रत्येकाची संपर्कयादी) एवढंच निर्यात करून आणलं, सेटिंगचं टेबल हाताने पुन्हा भरलं, कारण अॅडमिन कोण हे त्याच टेबलात लिहिलेलं असतं आणि तिथे कोणी काय पेरून ठेवलं असेल याचा भरवसा नाही. अॅडमिन कन्सोल फक्त मशीनच्या आतल्या पत्त्याला बांधला. तिथे जायचं तर आधी एसएसएचने, म्हणजे दुरून सुरक्षित लॉगिन करून, मशीनवर यावं लागतं. भोसरी-चाकण यांच्यात वायरगार्डचा व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरूनच जाणारा खासगी बंद रस्ता, टाकला आणि बाहेरचं पोर्ट फॉरवर्डिंग कायमचं काढलं. हे सगळं तांत्रिक काम तसं पटकन झालं. चाकणच्या राउटरवर व्हीपीएन बसवायला मात्र स्वतः जावं लागलं आणि मोशीच्या पुढे नाशिक हायवेवर जो वेळ गेला तेवढ्यात दोन सर्व्हर उभे राहिले असते.

खरं डोकं खाल्लं ते पासवर्डनी. ओपनफायर युजरचा पासवर्ड हॅश करूनच ठेवील असं आपण धरून चालतो. हॅश म्हणजे ज्यातून मूळ शब्द परत काढता येत नाही. तशी सोय त्यात आहे, पण ती मुद्दाम चालू करावी लागते. इथे ती चालू नव्हती, त्यामुळे पासवर्ड ब्लोफिश या पद्धतीने कूटबद्ध करून ठेवलेले, आणि ते उलगडायची किल्ली त्याच डेटाबेसच्या सेटिंगच्या टेबलात. सर्व्हरवर आज्ञा चालवू शकणाऱ्याला दोन्ही वाचता येतात. म्हणजे सगळ्यांचे पासवर्ड उघडे पडले असंच धरायला हवं होतं.

शुक्रवारी पहिल्या शिफ्टला मी शॉप फ्लोअरवर फिरलो. "चॅटचा पासवर्ड बदलायचाय, आणि हाच पासवर्ड आणखी कुठे वापरता ते सांगा." स्टोअरचे प्रमुख म्हणाले, "सर, माझा पासवर्ड म्हणजे माझा मोबाइल नंबर. सगळीकडे तोच." "सगळीकडे म्हणजे?" "ईआरपी, मेल, आणि ते जीएसटीचं पण बहुतेक." डिस्पॅचमधल्या एका पोराने बँकेच्या ॲपचंही नाव घेतलं आणि लगेच जीभ चावली. क्वालिटीच्या मॅडम एकट्याच निघाल्या ज्यांनी प्रत्येक ठिकाणी वेगळा ठेवला होता, आणि तो डायरीत लिहून कपाटात कुलपात. लोक डायरीला हसतात. मी हसलो नाही. इंटरनेटवरून कपाटाचं कुलूप उघडत नाही.

ईआरपीवाल्यांना सांगून सगळ्यांचे पासवर्ड त्याच दिवशी सक्तीने बदलून घेतले. मेलवर दोन टप्प्यांचं लॉगिन लावलं. मालकांच्या पुतण्याने कुरकुर केली, कारण त्याला चेन्नईला जायचं होतं आणि ओटीपीचा फोन दुसरा होता. तेही झालं.

मग मालक माझ्याजवळ येऊन बसले आणि त्यांनी तो प्रश्न विचारला जो ते पहिल्या दिवसापासून मनात धरून होते. "आमचे रेट गेले का?"

मॉनिटरिंग प्लगइन संदेशांचा संग्रह ठेवतो. पर्चेस आणि मार्केटिंगमधली बोलणी, पत्र्याचा भाव, कोणत्या पार्टला किती मार्जिन धरलं, सगळं त्या टेबलात वर्षानुवर्षं पडून होतं. ग्राहकाची ड्रॉइंगही लोक स्पार्कवरूनच एकमेकांना पाठवत. वीजबिल वाढलं त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. स्पर्धकाला रेट कळले तर पुढच्या वर्षीचं कंत्राट जाणार, हे त्यांचं खरं भय होतं.

डिस्कच्या प्रतीत जे होतं ते मी सांगितलं. खाणकामाच्या स्क्रिप्ट होत्या, दुसऱ्या टोळ्यांचे खाणकामगार मारायची स्क्रिप्टही होती (हे लोक एकमेकांना फार जपून नसतात). डेटाबेस काढून नेल्याची फाइल, आज्ञा, तात्पुरती प्रत, असं काही दिसलं नाही. किनसिंगचा रस प्रोसेसरमध्ये असतो, कोणाच्या पत्र्याच्या भावात नाही. पण तेच दार मे महिन्यापासून उघडं होतं आणि त्यातून दुसरं कोणी येऊन वाचून गेलं असेल तर ते सांगू शकेल असा राउटरचा लॉग फक्त काही दिवसांचा होता, जागा संपली की जुना पुसायचा. सर्ट-इनच्या त्याच निर्देशांत १८० दिवसांचे लॉग ठेवायला सांगितलंय, ते कशासाठी, हे त्या दुपारी मालकांना मला समजावून सांगावं लागलं नाही. लॉग साठवायला वेगळं मशीन घ्यायची मंजुरी त्यांनी तिथल्या तिथे दिली. एरवी त्याच मंजुरीसाठी मी दिवाळीपर्यंत फेऱ्या मारल्या असत्या.

बिलावरून थोडी घासाघीस झाली. "अपडेटचे पैसे समजले, बाकीचे कसले?" असं त्यांच्या अकाउंटंटने विचारलं. मी ओळीवार लिहून दिलं: डिस्कची प्रत, तपास, नवं मशीन, पासवर्ड, व्हीपीएन. अपडेटची ओळ सगळ्यात लहान होती.

राहता राहिली प्रश्नावली. मालकांनी वकिलाला दाखवून, ग्राहकाला घटना लिहून कळवायचं ठरवलं. सगळे संचालक त्या बाजूचे नव्हते. मी होतो, पण मला मत नव्हतं. ग्राहकाच्या आयटी विभागाचं उत्तर दोन दिवसांत आलं आणि ते मला वाटलं त्यापेक्षा सौम्य होतं. त्यांना एकच गोष्ट नेमकी हवी होती: घुसखोरीची तारीख, म्हणजे त्यानंतर पाठवलेली ड्रॉइंग वेगळी काढता येतील. मालक म्हणाले, "११ जुलै लिहा ना, फाइलवर आहेच." पण ज्याच्या हातात सर्व्हर आहे त्याला फाइलची तारीख बदलता येते, आणि पहिला जो आला त्याचाच हा प्लगइन कशावरून? खिडकी तर मेपासून उघडी होती. बरीच चर्चा होऊन पत्रात लिहिलं गेलं: '११ जुलै २०२३ किंवा त्यापूर्वी'. त्यांनी मग मे महिन्यापासूनची सगळी ड्रॉइंग वेगळी काढली.